बैल गेला नि झोपा केला

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी एक म्हण होती : बैल गेला नि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावावयाचे काठ्याकुडांचे दार. बैल निघून गेल्यावर जो धनी हे दार बांधावयास बसतो, त्याची कीव करावी की त्याला हसावे, असा प्रश्न त्या म्हणीत आहे. आपल्या मॉरिशस बेटावर आता बैल दिसेनासे झाले आणि उसाच्या बैलगाड्याही गेल्या; परंतु ही म्हण मात्र जुनी झालेली नाही. तिचा खरा अर्थ मला उतारवयात, आणि तोही स्वतःच्या चुकीमुळे कळला. ज्या वस्तूमुळे तो कळला, तिला ना शिंगे, ना वजन. ती वस्तू म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरील आपल्या मंडळाचे नाव, ज्यास सर्वजण डोमेन नाव म्हणतात.

हे नाव आपल्या हातून गेले. ते लिलावात निघाले. आणि लिलावात ते परत मिळविण्याची संधीही आपण दवडली. त्या वेळी मंडळाचा खजिनदार मीच होतो. ‘तेव्हा घेतले असते तर!’ हा उद्गार तेव्हापासून आपल्या बैठकांतून कितीदा तरी ऐकू आला आहे, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घातली आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा मनात आले, की या हळहळीचा एकदा शांतपणे हिशेब मांडावा. कारण हळहळण्यासारखे जे असते ते सगळेच हळहळण्याच्या योग्यतेचे असते असे नाही. तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो, आणि त्यामुळे जी हळहळ खरी, तिच्यापासून घ्यावयाचा धडा राहून जातो.

प्रथम हकीकत सांगतो. २००७ साली मंडळातील एका उत्साही तरुणाने हे नाव नोंदविले. काम चांगले झाले. परंतु नोंदणी त्याच्या स्वतःच्या नावावर, पैसे त्याच्या स्वतःच्या बँककार्डावरून आणि पत्ता त्याच्या स्वतःच्या ई-मेलचा. पुढे तो पोटापाण्यासाठी परदेशी गेला. कार्डाची मुदत संपली, ई-मेलची पेटी बंद पडली, आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्या बंद पेटीत पडत राहिली. दोष त्या तरुणाचा नव्हे. ज्याने घर बांधून दिले, त्यानेच जन्मभर त्याची घरपट्टी भरावी, अशी अपेक्षा करणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांचा तो दोष होता.

डोमेन नाव कोणी कायमचे विकत घेत नाही. ते मुदतीने मिळते, आणि एका वेळी फार तर १० वर्षांचे शुल्क भरता येते. डॉट-कॉम प्रकारच्या नावाची मुदत संपली, म्हणजे नोंदणी करणारी कंपनी जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत देऊ शकते. नाव रद्द केले गेले तरी पुढे ३० दिवस अधिक शुल्क भरून ते सोडविता येते. आणि अखेरच्या ५ दिवसांनंतर ते कोणासही मोकळे होते. परंतु ज्या नावाला थोडीबहुत मागणी आहे, ते सहसा तेथवर पोहोचत नाही. पुष्कळ कंपन्या सवलतीच्या काळातच त्याचा लिलाव पुकारतात.

आपल्या नावाचेही तसेच झाले. २०१५च्या गणेशचतुर्थीपूर्वी एका भगिनीने पूजेची वेळ पाहण्यासाठी मंडळाचे पान उघडले, तो तेथे पूजेऐवजी लिलावाची सूचना! लिलाव संपावयास चार दिवस उरले होते. ज्या खात्यातून नूतनीकरण करावयाचे, त्याची किल्ली कोणाजवळ नव्हती. परदेशी गेलेल्या आपल्या तरुणाला गाठले; त्याने प्रामाणिकपणे धडपड केली; परंतु बंद पेटीमुळे कंपनीस ओळख पटविणे त्या मुदतीत जमले नाही. उरला एकच मार्ग : इतरांबरोबर आपणही बोली लावावयाची.

कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. तेथे मी खजिनदाराच्या अधिकाराने म्हणालो, “वर्षाला पंधरा डॉलरला मिळणारी ही वस्तू. तिला अडीचशेच्या वर एक छदामही देऊ नये.” कोणी विरोध केला नाही. पैसा जपणारा माणूस शहाणा, असे मानण्याची आपल्या समाजाची जुनी रीत आहे. आणि ज्यांनी पै-पै जोडून मुले शिकविली, त्या समाजाची ती रीत चुकीची कशी म्हणावी? अडीचशेची मर्यादा ठरली. नाव दोनशे साठ डॉलरला गेले. पंधरा दिवसांनी नव्या मालकाने त्याच नावाच्या पानावर पाटी लावली : विक्रीस आहे, किंमत चार हजार डॉलर.

आता या हकीकतीतून निघालेल्या हळहळीचे प्रकार पाहू.

पहिली हळहळ नफ्याची. आपल्यातील एक तडफदार तरुण मित्र नेहमी म्हणतात, की मंडळाने केवळ आपलेच नाव नव्हे, तर गावांची, सणांची, पदार्थांची अशी शेकडो नावे त्या काळी घेऊन ठेवावयास हवी होती. आज त्यांच्या विक्रीतून मंडळाची इमारत उभी राहिली असती. त्यांच्याजवळ दाखले आहेत. १९९५च्या सप्टेंबरापूर्वी डॉट-कॉम नाव नोंदविण्यास शुल्कच पडत नसे. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरना विकले गेले, तेव्हा लोकांनी घेणाऱ्यास वेड्यात काढले. दोनच वर्षांनी, १९९९ साली, तेच नाव पंचाहत्तर लाख डॉलरना गेले. हे दाखले खरे आहेत. आमचे मित्र त्यांना जोड देतात ती आपल्याच इतिहासाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बेटावरील साखरेच्या मळ्यांचे तुकडे पाडून ते विकावयास निघाले. फ्रेंच शब्द वापरून त्यास आपण मोर्सेल्मां म्हणतो. करारातून सुटलेल्या ज्या मजुरांनी त्या वेळी धाडस करून आर्पां-दोन आर्पां जमीन घेतली, त्यांची नातवंडे वर आली. “नाव ही आजची जमीन आहे,” असे आमचे मित्र म्हणतात, “आणि आपण पुन्हा एकदा कुंपणाबाहेर राहिलो.”

हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु त्यात दोन उणिवा आहेत. एक अशी, की आपल्या कानी येतात त्या विकल्या गेलेल्या नावांच्या कथा. आज डॉट-कॉमची पंधरा कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. त्यांतील कित्येक नावे कोणी तरी आशेने घेऊन ठेवली आहेत, वर्षानुवर्षे तो त्यांचे शुल्क भरतो आहे, आणि गिऱ्हाईक काही येत नाही. त्यांच्या कथा कोणी छापत नाही. दुसरी उणीव याहून महत्त्वाची. आपल्या पूर्वजांनी जमीन घेतली ती कसण्यासाठी. तीत त्यांनी ऊस लावला, भाजी लावली, कडेला तुळशीवृंदावन बांधले. जी जमीन केवळ दुसऱ्याची अडवणूक करण्यासाठी धरून ठेवावयाची, तिच्यात आणि त्या जमिनीत साम्य नाही. आपल्या मंडळाच्या नावावर ज्याने चार हजारांची पाटी लावली, त्याने कायदा मोडला असे मी म्हणत नाही. परंतु त्याचा धंदा आपण दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या मंदिराच्या नावावर का केला नाही, म्हणून हळहळावे, हे आपणास शोभत नाही. ही पहिली हळहळ मी सोडून दिली आहे.

दुसरी हळहळ बोलीच्या आकड्याची. “अवघ्या दहा डॉलरनी हुकले हो!” असे आम्ही कितीदा म्हटले! परंतु लिलावाची रीत ज्यास ठाऊक आहे त्याला हे वाक्य पटणार नाही. या लिलावात प्रत्येकजण आपली कमाल किंमत गुप्तपणे लिहून ठेवतो. यंत्र त्याच्या वतीने बोली वाढवीत जाते, आणि जिंकणाऱ्यास हरणाऱ्याच्या बोलीपेक्षा एकच पायरी वर किंमत पडते. म्हणजे दोनशे साठ हा आकडा जिंकणाऱ्याच्या कुवतीचा नव्हता. आमच्या अडीचशेवर चढविलेली ती केवळ एक पायरी होती. ज्याला पुढे चार हजार मागावयाचे होते, तो आमच्या दोनशे सत्तरला माघार घेणार होता काय? कदाचित तो हजारापर्यंत गेला असता. दहा डॉलरचे अंतर हा डोळ्यांचा भ्रम होता, आणि त्या भ्रमावर आम्ही कित्येक वर्षे हळहळलो.

याच्या उलट एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. लिलावात हरणारा हळहळतो. पण जिंकणाराही पुष्कळदा हळहळतो. अमेरिकेत समुद्रातील तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव होत. तेल कंपनीतील तीन अभियंत्यांनी १९७१ साली दाखवून दिले, की वस्तूची नेमकी किंमत कोणासच माहीत नसते तेव्हा सर्वांत चढी बोली बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याची असते. त्यास ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले आहे. तेव्हा ‘काहीही करून घ्यावयास हवे होते’ हेही शहाणपण नव्हे. शहाणपण एवढेच, की ही वस्तू आपणास कशासाठी हवी, ती गेल्यास आपले काय काय अडेल, हे बोलीपूर्वी कागदावर मांडावे, त्यावरून आपली खरी कमाल किंमत ठरवावी, ती लिहून टाकावी आणि स्वस्थ झोपावे. मग जे होईल त्याची खंत उरत नाही. आमची चूक अडीचशे या आकड्यात नव्हती. तो आकडा आम्ही वर्षाच्या शुल्काकडे पाहून काढला, नावाच्या उपयोगाकडे पाहून नव्हे, ही ती चूक. त्याच वर्षी गणपतीच्या मखरावर आपण याच्या तिप्पट खर्च आनंदाने केला होता.

आता तिसरी हळहळ. आणि येथे मला थोडे दूर, पण आपल्याच समुद्रात, चागोस बेटांकडे जावे लागेल. प्रत्येक देशास वा प्रदेशास जाळ्यावर दोन अक्षरे मिळतात. आपल्या देशास ‘एम-यू’ मिळाली. हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेश या नावाखाली चागोसला ‘आय-ओ’ मिळाली. ही बेटे १९६५ साली मॉरिशसपासून तोडली गेली आणि १९७३पर्यंत तेथील सर्व रहिवाशांना हलविण्यात आले. १९९७मध्ये ‘डॉट-आय-ओ’ची नोंदणी ब्रिटनमधील एका खाजगी कंपनीच्या हाती सुरू झाली. संगणकाच्या धंद्यातील लोकांना ही अक्षरे आवडली आणि ती जगभर खपली. २०१७ साली ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीने सुमारे सात कोटी डॉलरना घेतली. या उत्पन्नातला वाटा आपणास मिळाला नाही, अशी विस्थापित चागोसवासीयांच्या संघटनांची तक्रार आहे. याउलट कॅरिबियन समुद्रातील चिमुकल्या अँग्विलाचे उदाहरण पाहा. ‘ए-आय’ ही तिची अक्षरे आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जगास हवीशी झाली, आणि २०२३ साली त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा पाचव्याहून अधिक हिस्सा या अक्षरांच्या नोंदणीतून आला.

चागोसच्या बाबतीत ‘संधी हुकली’ असे म्हणणाऱ्यास मी विचारतो : कोणाची संधी? ज्याचे घरच काढून घेतले, त्याला दारावरच्या पाटीचा लिलाव चुकला म्हणून हळहळावयास सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. ती हळहळ नव्हे. तो अन्याय आहे, आणि अन्यायाची दाद मागावयाची असते. ती मागितली गेली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या विभाजनाविरुद्ध आपले मत दिले, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी बेटांच्या सार्वभौमत्वाविषयीच्या करारावर सह्या केल्या. जे हिसकावून नेले त्यासाठी झगडावे. जे आपल्या हातून निसटले त्यासाठी स्वतःकडे पाहावे. या दोहोंची गल्लत होता कामा नये. आपले नाव कोणी हिसकावून नेले नव्हते.

तर मग खरी हळहळ कोणती? ती मला २०१७ साली कळली. ऑस्ट्रेलियातून एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीसह मंडळाच्या सभागृहात आले. त्यांचे वडील तरुणपणी हे बेट सोडून गेलेले. त्यांच्या हाती मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मिळालेला आपल्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा होता : क्रमांक, जहाज, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावाचे नाव, कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिलेले. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी असा कागद आहे, किंवा असावयास हवा. पोर्ट लुईच्या घाटावर उतरलेल्या माणसाचे नाव परक्याच्या लेखणीने वाकडे केले. त्याचे स्वतःचे नावच पुढे मुलांचे आडनाव बनले आणि मूळ आडनाव कोकणातच राहिले. म्हणून आपल्या समाजात कोण कोणाचा, हे कागदापेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अधिक कळते.

गृहस्थ म्हणाले, “मी आपणास तीन पत्रे पाठविली होती.” त्यांनी जुन्या एका स्मरणिकेचे मलपृष्ठ दाखविले. त्यावर आपल्या मंडळाचा ई-मेलचा पत्ता होता, त्या गेलेल्या नावाचा. एक पत्र परत आले होते. दोन कोठे गेली कोणास ठाऊक. “मला वाटले, मंडळ बंद पडले,” असे ते अगदी सौम्यपणे म्हणाले. त्यांना पणजोबांच्या दुसऱ्या मुलाची शाखा शोधावयाची होती. ब्लॅक रिव्हरकडील आमच्या एका मावशींना त्या घराण्याची पाळेमुळे तोंडपाठ होती. लग्नाच्या घरी त्या बसल्या, की सात पिढ्या बोटांवर मोजून दाखवीत. पहिले पत्र आले तेव्हा मावशी हयात होत्या. गृहस्थ आले तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आले होते.

आम्ही त्यांना मावशींच्या घरी नेले. सुनेने चहा केला, छायाचित्र दाखविले. तिला काही नावे आठवत होती, काही नव्हती. गृहस्थांनी ती वहीत लिहून घेतली, आणि जाताना माझे हात हातात घेऊन आभार मानले. मी त्यांना लिलावाची हकीकत सांगितली नाही. दोनशे पन्नास डॉलरची गोष्ट त्या उंबऱ्यावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज येथे सांगतो आहे.

वाचकहो, नावाची किंमत कशात असते, ते मला त्या दिवशी उमगले. ते विकून काय मिळेल, यात ती नसते. त्या नावाने आपणास हाक मारणारा कोणी तरी दूर कोठे आहे, आणि त्याच्या हाकेला ओ देणारे कोणी तरी येथे असावयास हवे, यात ती असते. आपल्या पूर्वजांची नावे बदलली गेली, तेव्हा त्यांच्या हाती काही नव्हते. आपले नाव गेले, तेव्हा सारे आपल्या हाती होते. फक्त पंधरा डॉलर आणि थोडी दक्षता हवी होती. खंत करावयाची ती एवढ्याचीच.

ते नाव आज परत मिळणे कठीण आहे. अशा तंट्यांसाठी १९९९पासून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे; परंतु जिनिव्हाच्या बौद्धिक संपदा संघटनेकडे साधी तक्रार नेण्याचे शुल्कच १,५०० डॉलर, आणि नावावर आपला व्यापारचिन्हासारखा हक्क आहे व समोरच्याची नोंदणी दुर्हेतूची आहे, हे सिद्ध करावे लागते. मुदत आपणच चुकविली, हे तेथे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? तेव्हा दुसऱ्या नावाने आपण संसार मांडला आहे, तोच नीट करावा.

त्यासाठी माझ्या चार सूचना आहेत. मंडळाचे डोमेन नाव कोणा व्यक्तीच्या नव्हे, मंडळाच्या नावावर नोंदलेले असावे. त्याचे शुल्क एकदम १० वर्षांचे भरावे. खात्याची किल्ली दोन पदाधिकाऱ्यांजवळ असावी, आणि पदे बदलतील तेव्हा बँकेच्या पुस्तकाबरोबर व सभागृहाच्या चाव्यांबरोबर तीही सहीनिशी सोपवावी. आणि दरवर्षी गणेशचतुर्थीपूर्वीच्या बैठकीत, मखराच्या खर्चाआधी, नावाची मुदत केव्हा संपते ते मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहावे. बेटावरील इतर मराठी मंडळांनाही माझी हात जोडून विनंती आहे : हे पुस्तक मिटण्यापूर्वी आपले नाव कोणाच्या खात्यावर आहे, याची चौकशी करावी. आपल्या एखाद्या हुशार मुलाने प्रेमापोटी ते घेऊन ठेवले असेल, तर त्याचे आभार मानावेत आणि त्याच्या खांद्यावरचा भार उतरवावा.

आणखी एक. या स्मरणिकेच्या मलपृष्ठावर यंदा मंडळाचा नवा पत्ता छापला आहे. त्याखाली टपालाचा पत्ता आणि सभागृहाचा दूरध्वनीही मी मुद्दाम घालावयास लावला आहे. कोणी तरी, कोठे तरी, हा अंक वीस वर्षांनी कपाटातून काढील आणि आपणास पत्र लिहील. त्या पत्राला उत्तर मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.